वीजदर ठरवणाऱ्यांना निवडून देता येतं का?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. इतिवृत्तावर सह्या सुरू होत्या, कुणी चपला शोधत होतं. तेवढ्यात शेवया-पापडाचा उद्योग करणाऱ्या गटातल्या एका ताईंनी पिशवीतून वीजबिल काढलं आणि सतरंजीवर मधोमध ठेवलं. म्हणाल्या, "युनिट गेल्या वर्षीएवढेच आहेत. मशीन तेच, चालवणाऱ्या आम्हीच. मग बिल का वाढलं? हा दर ठरवतं कोण? आपण ज्यांना मत देतो त्यातलं कुणी ठरवतं का?"

कुणी म्हणालं आमदार ठरवतात. कुणी म्हणालं वायरमनला विचारू. एक आजी म्हणाल्या, "वरून येतं ते." पण वरून म्हणजे नेमकं कुठून, हे कुणालाच सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नाही. म्हणून या महिन्याच्या अभ्यास पाठाला हाच विषय घेतला आहे. गटाच्या बैठकीत हा पाठ मोठ्यानं वाचा, शेवटी प्रश्न दिले आहेत त्यांवर बोला.

एकच दुकान असलं की

किराणा महाग झाला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. भाजी महाग वाटली तर आठवडी बाजाराची वाट बघतो. विजेचं तसं नाही. घराला तार एकच येते. ती ज्या कंपनीची, तिच्याकडूनच वीज घ्यावी लागते. गावात दोन-तीन कंपन्यांनी वेगवेगळे खांब उभे करणं परवडणारंही नाही. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी एका भागात तारांचं जाळं एकाच कंपनीकडे असतं.

पण दुकान एकच असलं आणि भावही दुकानदारानंच ठरवायचा म्हटलं, तर गिऱ्हाईक कुठं जाणार? यावर उपाय म्हणून मध्ये एक तिसरा माणूस बसवतात. तो कंपनीचा हिशेब तपासतो. कोळशाला किती लागले, पगाराला किती, तारा-डीपीच्या दुरुस्तीला किती, कर्जाचं व्याज किती, हे बघतो. त्यातला कोणता खर्च रास्त आणि कोणता नाही, हे ठरवतो. कंपनीनं गुंतवलेल्या भांडवलावर किती टक्के नफा घ्यायचा, तेही तोच ठरवतो. मग त्यावरून युनिटचा दर निघतो. या तिसऱ्या माणसाला म्हणतात नियामक आयोग.

आपल्या गटात कर्ज कुणाला, किती आणि किती व्याजानं द्यायचं हे एकटी कर्ज घेणारी ठरवत नाही, गट ठरवतो. साधारण तसंच हे. फरक इतकाच, की गटात निर्णय घेणाऱ्या आपणच असतो. आयोगात बसणारी माणसं मात्र आपल्या ओळखीची नसतात. मग ती तिथं बसली कशी? त्यांना बसवलं कुणी?

जिथं मतदान होतं

आयोगावर माणसं बसवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक, सरकारनं नेमणूक करायची. दुसरी, लोकांनी मत देऊन निवडायचं. आपल्या देशात नेमणुकीची पद्धत आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आयोग वेगळा असतो. तिथंही बहुतेक राज्यांत राज्यपाल सदस्य नेमतात (तिथला राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख). पण सुमारे 10 राज्यांत मात्र आयोगाचे सदस्य थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात. जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना, ॲरिझोना, मोंटाना ही त्यातली काही नावं.

यातल्या जॉर्जिया राज्याची गोष्ट आपण नीट बघू, कारण 2025 साली तिथं जे झालं त्यातून आपल्याला बरंच शिकण्यासारखं आहे.

जॉर्जिया हे अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातलं राज्य. लोकसंख्या सुमारे 1 कोटी 10 लाख. कापूस आणि भुईमूग पिकवणारा मुलूख. तिथल्या आयोगाची सुरुवात 1879 साली रेल्वेचं भाडं ठरवण्यासाठी झाली. शेतमाल बाजारात न्यायला रेल्वेशिवाय पर्याय नव्हता आणि भाडं कंपन्या ठरवत होत्या. म्हणजे तिथंही पहिली अडचण एकाच दुकानाचीच. सुरुवातीला सदस्य नेमले जायचे. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लोकांनी निवडायची पद्धत आली आणि हळूहळू वीज, गॅस, टेलिफोन असे विषय या आयोगाकडे आले.

आज या आयोगात 5 सदस्य आहेत. मुदत 6 वर्षांची. राज्याचे 5 भाग पाडले आहेत आणि प्रत्येक भागातून एक सदस्य. पण इथं एक मेख आहे. उमेदवार त्या भागात राहणारा हवा, मतदान मात्र अख्ख्या राज्यानं करायचं.

हे आपल्या ग्रामपंचायतीवरून समजून घ्या. आपल्याकडे वॉर्डातल्या सदस्याला वॉर्डातलेच मतदार निवडतात. समजा, नियम असा केला की उमेदवार वस्तीतला असावा, पण त्याला मत मात्र सगळ्या गावानं द्यायचं. मग वस्तीतल्या बायांना जी नको, ती बाई गावच्या मतांवर वस्तीची सदस्य होऊ शकते. जॉर्जियातल्या 4 कृष्णवर्णीय मतदारांनी 2020 साली हीच तक्रार घेऊन कोर्टात दावा लावला. आमच्या भागात आमची मतं जास्त, पण राज्यभरच्या मतांत ती बुडून जातात, असं त्यांचं म्हणणं होतं.

निवडणूकच झाली नाही

ऑगस्ट 2022 मध्ये खालच्या कोर्टानं या मतदारांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या वर्षीची आयोगाची निवडणूक थांबली. नोव्हेंबर 2023 मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जुनीच पद्धत कायम राहिली. या सगळ्यात 2022 ची निवडणूक झाली नाही, 2024 चीही झाली नाही. ज्यांची मुदत संपली ते सदस्य खुर्चीवर तसेच बसून राहिले.

आपल्याकडेही अनेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका काही वर्षं लांबल्या होत्या. तिथं प्रशासक होते, इथं जुनेच सदस्य होते, एवढाच फरक. मत द्यायचा हक्क कागदावर असतो, पण निवडणूकच लागली नाही तर तो वापरणार कुठं?

आणि नेमक्या याच काळात तिथलं वीजबिल वाढत गेलं. 2023 ते 2025 या काळात आयोगानं राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज कंपनीला सहा वेळा दरवाढ मंजूर केली. एका सर्वसाधारण घराचं बिल महिन्याला सुमारे 43 डॉलरनं वाढलं. आपल्या पैशांत हे साडेतीन हजार रुपयांहून जास्त होतात. तिथली कमाई आपल्याहून जास्त, हे खरं. पण पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला किंवा एकट्या कमावत्या आईला तिथंही ही रक्कम जड जाते.

बिल वाढलं कशानं?

कारणं एकापेक्षा जास्त होती. इंधन महागलं होतं, तारांची कामं काढली होती. पण एक मोठं कारण होतं व्होगल नावाचा अणुवीज प्रकल्प. तिथं दोन नव्या अणुभट्ट्या बांधायला आयोगानं 2009 साली परवानगी दिली. 2016 आणि 2017 मध्ये त्या सुरू होतील, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एक सुरू झाली जुलै 2023 मध्ये आणि दुसरी एप्रिल 2024 मध्ये. सगळ्या भागीदारांचा मिळून सुरुवातीचा अंदाज सुमारे 14 अब्ज डॉलरचा होता. शेवटी खर्च 30 अब्जांच्याही वर गेला.

आता यातली खरी गंमत ऐका. 2009 साली तिथल्या विधानसभेनं एक कायदा केला. प्रकल्पाचं काम चालू असतानाच, त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा खर्च ग्राहकांच्या बिलातून घ्यायला कंपनीला मुभा मिळाली. 2011 पासून तशी वसुली सुरू झाली. म्हणजे भट्टीतून एक युनिट वीज निघायच्या आधी बारा वर्षं लोक तिचे पैसे भरत होते. त्यातली काही म्हातारी माणसं ती वीज बघायच्या आधीच गेली असतील.

दुसरी गोष्ट भांडवलावरच्या नफ्याची. 2022 च्या दर निर्णयात आयोगानं या कंपनीला भागधारकांच्या भांडवलावर 10.5 टक्के परतावा ठरवून दिला होता. समजा, आपल्या गटाच्या गिरणीला कुणी सांगितलं, की यंत्रात जेवढे पैसे घालाल त्यावर दहा-साडेदहा टक्के नफा गिऱ्हाइकाकडून घ्यायची परवानगी आहे. मग आपण लहान गिरणी घेऊ की मोठी? मोठीच घेऊ. गावाला तेवढ्या पिठाची गरज असो वा नसो. म्हणून "एवढी मोठी गिरणी कशाला?" असं विचारणारा माणूस मध्ये लागतो. आयोगाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. आणि हा प्रश्न त्यानं विचारला नाही, तर पुढची वीस-तीस वर्षं बिलातून तो खर्च फेडावा लागतो.

नोव्हेंबर 2025

अखेर 2025 साली आयोगाच्या दोन जागांची निवडणूक लागली. जूनमध्ये पक्षांतर्गत उमेदवार निवडायची फेरी झाली, तेव्हा शंभरातले तीन मतदारसुद्धा आले नाहीत. अशी काही निवडणूक असते, हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. ही बातमी वाचून मला आपल्या ग्रामसभा आठवल्या.

पण पुढच्या चार-पाच महिन्यांत वातावरण बदललं. लोकांच्या घरात बिल येत होतं आणि त्या बिलाचा निर्णय घेणाऱ्यांची नावं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी आली होती. 4 नोव्हेंबर 2025 ला मतदान झालं. खुर्चीवर असलेले टिम एकल्स आणि फिट्झ जॉन्सन हे दोघंही हरले. ॲलिशिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड निवडून आले, आणि दोघांनाही 60 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली.

तोपर्यंत आयोगातले पाचही सदस्य रिपब्लिकन पक्षाचे होते. हे दोघे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्या पक्षाला राज्यभरच्या मतदानातून राज्याचं पद 2006 नंतर पहिल्यांदाच मिळालं. आपलं वार्तापत्र कुठल्याच पक्षाचं नाही, त्यामुळं कोण जिंकलं याहून का जिंकलं हे आपल्यासाठी महत्त्वाचं. रिपब्लिकनांना मत देणाऱ्या पुष्कळ भागांतही या वेळी उलटी मतं पडली. वीजबिल सगळ्यांच्याच घरात येतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ॲलिशिया जॉन्सन या पक्षाच्या उमेदवार म्हणून जॉर्जियात राज्यभरातून निवडून येऊन राज्याचं पद मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. आणि पीटर हबर्ड हे निवडून यायच्या आधी काही वर्षं याच आयोगापुढच्या सुनावण्यांत लोकांच्या बाजूनं कागद मांडत होते. म्हणजे ते आधी टेबलाच्या अलीकडे उभे राहिले, आकडेमोड शिकले आणि मग टेबलाच्या पलीकडे गेले.

जिंकल्यावर लगेच बिल उतरलं का?

नाही. हा भाग बैठकीत नक्की वाचा, कारण आपण निवडणूक झाली की काम झालं असं समजतो.

पाचात दोन म्हणजे बहुमत नाही. शिवाय नवे सदस्य खुर्चीवर बसायच्या आधीच, डिसेंबर 2025 मध्ये, जुन्या आयोगानं कंपनीला सुमारे 10,000 मेगावॉट नव्या विजेची तजवीज करायला मंजुरी दिली. ही वीज मुख्यतः डेटा सेंटरसाठी लागणार, असा अंदाज आहे. डेटा सेंटर म्हणजे संगणकांची मोठमोठी गोदामं. आपण मोबाईलवर जे बघतो-पाठवतो ते अशा गोदामांत साठवलेलं असतं, आणि ती रात्रंदिवस वीज खातात. उद्या यातली काही गोदामं आलीच नाहीत, तर उभारलेल्या वीजकेंद्रांचा खर्च कुणाच्या बिलात येणार, हा तिथं आता वादाचा मुद्दा आहे.

निवडणुकीच्या काही महिने आधी, जुलै 2025 मध्ये, मूळ दर तीन वर्षं न वाढवण्याचं आयोगानं मान्य केलं होतं. पण वादळात मोडलेल्या तारा-खांबांचा खर्च त्यातून वेगळा ठेवला. म्हणजे "दर गोठवला" असं ऐकलं तरी "कशाचा नाही गोठवला?" हे विचारावं लागतं.

निवडून देणं बरं की नेमणं बरं?

यावर अमेरिकेत शंभर वर्षं वाद चालू आहे. दोन्ही बाजू समजून घेऊ.

निवडणुकीच्या बाजूनं असं सांगतात: ज्याला पुन्हा मत मागायला यायचं आहे, तो घरगुती ग्राहकाचा विचार करतो. आमदारकीच्या निवडणुकीत रस्ता, पाणी, जात, पक्ष असे शंभर विषय असतात, त्यात वीजदर हरवून जातो. आयोगाची वेगळी निवडणूक असली की लोकांना फक्त त्याच विषयावर मत देता येतं. टिमोथी बेस्ली आणि स्टीफन कोट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांची तुलना केली आणि 2003 साली तिचा निष्कर्ष मांडला: जिथं नियामक निवडून येतात तिथं घरगुती वीजदर कमी आढळले.

विरोधी बाजूही तेवढीच वजनदार आहे. वीजदराचा हिशेब किचकट असतो, त्याला जाणकार माणूस लागतो. निवडून येणारा जाणकार असेलच असं नाही. मतांसाठी दर कमी ठेवला आणि तारा-डीपीची कामं पुढं ढकलली, तर वीज स्वस्त पण दिवसातून चार वेळा जाणारी, अशी गत होते. आणि सगळ्यात मोठा धोका पैशाचा. प्रचाराला पैसे लागतात. ते देणार कोण? ॲरिझोना राज्यात 2014 च्या आयोगाच्या निवडणुकीत राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज कंपनीच्या मालक कंपनीनं 1 कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले होते. ही गोष्ट तिनं 2019 साली कबूल केली. ज्यानं दर तपासायचा, त्यालाच निवडून आणायला दर मागणाऱ्यानं पैसे लावायचे! गटात कर्ज मागणारीनंच कर्ज समितीच्या अध्यक्षाची निवड करावी, तसं हे झालं.

न्यू मेक्सिको राज्यातही सदस्य निवडून यायचे. तिथल्या लोकांनी 2020 साली मतदान करूनच ठरवलं, की आता राज्यपालांनी सदस्य नेमावेत. 2023 पासून तिथं नेमणूक सुरू झाली. म्हणजे एका राज्यानं मत वापरून मताचा हक्क सोडला आणि शेजारच्या काही राज्यांनी तो धरून ठेवला. दोघांनाही आपापली कारणं होती.

मला यातून एक गोष्ट कळली. निवडलेला असो की नेमलेला, आयोगापुढं जो येतो त्याचंच आयोगाला ऐकू येतं. कंपनीचे वकील, हिशेबनीस आणि इंजिनिअर दर तारखेला हजर असतात. ग्राहक काही वर्षांतून एकदा मत द्यायला येतो, तेही कधी कधी येत नाही. गटाचा कोषाध्यक्ष आपणच निवडतो. पण म्हणून दर महिन्याला कॅशबुक बघायचं सोडतो का? हिशेब बिघडतो तो कुणी वही उघडत नाही तेव्हा.

आपल्याकडे कसं आहे?

आपल्या राज्यात वीजदर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तो 1999 साली स्थापन झाला, कार्यालय मुंबईत आहे. त्याचं आजचं काम विद्युत कायदा 2003 प्रमाणे चालतं. या कायद्याप्रमाणे राज्य आयोगात अध्यक्षांसह जास्तीत जास्त तीन जण असतात. त्यांची निवड आपण करत नाही. एक निवड समिती नावं सुचवते आणि राज्य सरकार नेमणूक करतं. समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले असतात, सोबत राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय पातळीवरच्या वीज संस्थेचे अध्यक्ष. सदस्याची मुदत 5 वर्षांची, वयाची मर्यादा 65. तेच पद पुन्हा मिळत नाही.

म्हणजे त्या ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: दर ठरवणाऱ्यांना आपण मत दिलेलं नाही. पण याच कायद्यानं आपल्याला दुसरा हक्क दिला आहे. कंपनीनं दराचा प्रस्ताव दिला की त्याचा गोषवारा वर्तमानपत्रांत छापावा लागतो. त्यावर कुणीही ग्राहक लेखी सूचना आणि हरकत देऊ शकतो. आलेल्या सूचना-हरकतींचा विचार करूनच आयोगानं दराचा आदेश काढायचा असतो. आयोगाची जाहीर सुनावणी होते, तिथं शेतकरी, यंत्रमागवाले, गृहिणी कुणीही बोलू शकतं. वकील लागत नाही. पुण्याची प्रयास (ऊर्जा गट) ही संस्था अशा सुनावण्यांत अनेक वर्षं ग्राहकांच्या बाजूनं अभ्यास मांडत आली आहे. ग्राहकांची बाजू मांडायला कुणाला अधिकृत करायचं, याचीही तरतूद कायद्यात आहे.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. दर आयोग ठरवतो, सवलत मात्र सरकार देतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना एप्रिल 2024 पासून आहे, ती सरकारची. त्यामुळं सवलत हवी असेल तर आमदारांना विचारा, कारण तिथं आपलं मत आहे. दराबद्दल बोलायचं असेल तर आयोगाकडे लिहा.

आपला गट काय करू शकतो?

1. बिल वाचायला शिका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी असतात. मागच्या वर्षीचं आणि यंदाचं एकाच महिन्याचं बिल शेजारी ठेवा. वाढ नक्की कुठल्या ओळीत झाली ते शोधा. युनिट वाढून वरच्या टप्प्यात गेलात का, तेही बघा.

2. जोडणीचा प्रकार तपासा. घरगुती, व्यावसायिक, औद्योगिक यांचे दर वेगळे आहेत. घरातूनच चालणाऱ्या, कमी वीज वापरणाऱ्या छोट्या उद्योगाला काही अटींवर घरगुती दर लावायची तरतूद आयोगाच्या आदेशांत राहिलेली आहे. आपल्याला कोणता दर लागला आहे, हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा.

3. दराची चूक आणि बिलाची चूक यांत गल्लत करू नका. रीडिंग चुकलं, मीटर बंद असताना अंदाजे बिल आलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

4. दराबद्दल हरकत असेल तर ग्रामसंघात ठराव घ्या. जाहीर सूचनेवर लक्ष ठेवायचं काम एखाद्या शिकलेल्या मुलीकडे किंवा सीआरपी ताईंकडे द्या. हरकतीचा मजकूर साधा असला तरी चालतो. नमुना असा:

"आमच्या गावात महिला गटांचे ___ छोटे उद्योग विजेवर चालतात. मागच्या वर्षी ___ महिन्यात ___ युनिटला ___ रुपये बिल आले, यंदा तेवढ्याच युनिटला ___ रुपये आले. आमचा एका किलोमागचा वीजखर्च ___ रुपयांनी वाढला. स्थिर आकार काम बंद असलेल्या महिन्यांतही भरावा लागतो. प्रस्तावित वाढ करू नये आणि हंगामी उद्योगांचा वेगळा विचार व्हावा, ही विनंती."

रिकाम्या जागी तुमचेच आकडे भरा. "फार महाग झालं हो" असं म्हटल्यानं कुणाला काही लिहून घेता येत नाही. "किलोमागे अडीच रुपये वाढले" म्हटलं की ते कागदावर येतं आणि आयोगाला त्याचा विचार करावा लागतो.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावात वीजदर कोण ठरवतं असं लोकांना वाटतं? पाच जणींना विचारून या.
2. वीजदर ठरवणारे लोकांनी निवडून द्यावेत की नेमावेत? दोन गट पाडा, एकीनं एक बाजू मांडावी, दुसरीनं दुसरी.
3. उमेदवाराच्या प्रचाराला कंपनीनं पैसे दिले तर काय होईल? आपल्या गटाच्या निवडीत असं होऊ नये म्हणून कोणता नियम आहे?
4. गटाच्या उद्योगाचा एका किलोमागचा वीजखर्च किती? आज माहीत नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत काढा.

जाता जाता, त्या ताईंच्या बिलाचं काय झालं ते सांगते. आम्ही दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवली. युनिट खरंच तेवढेच होते. स्थिर आकार वाढला होता आणि इंधन समायोजनाची एक ओळ नव्यानं आली होती. बिलात चूक नव्हती, दरच वाढला होता. ताई म्हणाल्या, "म्हणजे भांडायचं ठिकाण वायरमनचं नाही." मग त्यांनीच ठराव मांडला: पुढच्या वेळी दराची जाहीर सूचना निघाली की आपल्या ग्रामसंघाची हरकत जायची, आकड्यांसकट. ठराव एकमतानं मंजूर झाला. आकड्यांची वही ताईंनी त्याच दिवशी सुरू केली आहे.